यंत्र आले, पण सराव कोण घेणार?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात, मेंदूला चुंबकीय चालना देऊन विस्मरण बरे करण्याच्या नव्या उपचाराविषयी अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. तो लेख नसून जाहिरात आहे, हे तळाशी बारीक टाइपात छापलेला दूरध्वनी क्रमांक दिसेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही, आणि मी तर आयुष्यभर मुलांना उतारा नीट वाचायला शिकवले आहे. पक्षाघातानंतर ज्या घरातला माणूस हाता-पायाने सावरतो पण बुद्धीने मागे राहतो, त्या घरात असा मजकूर कोणत्या आशेने वाचला जातो, हे मी तीन वर्षे अनुभवते आहे; म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करावी लागलीच, तर माझ्या घरची हकीकत कमी करावी, उपचाराविषयीचा भाग मात्र राहू द्यावा, ही विनंती.

माझे यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता फलाटाला लागते, कुठल्या फेरीला चालक बदलतो, हे त्यांना निवृत्तीनंतरही तोंडपाठ होते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा डावा हात लुळा पडला. सुदैवाने वेळेत रुग्णालय गाठता आले, दहा-बारा दिवसांत हातही बराचसा परत आला, आणि ‘प्रकृती समाधानकारक’ असे लिहिलेले कार्ड घेऊन आम्ही घरी आलो. भेटायला येणारे म्हणत, “थोडक्यात निभावलं.” आम्हालाही तसेच वाटत होते.

मग एके दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर ते ओट्यापाशी उभे होते. गॅस पेटलेला, पातेल्यातले पाणी आटत आलेले, एका हातात साखरेचा चमचा, दुसऱ्या हातात चहापत्तीचा डबा, आणि आधी काय टाकायचे ते त्यांना ठरवता येत नव्हते. साखर कोणती आणि चहा कोणता, हे त्यांना ठाऊक होते. चहा कसा करतात असे विचारल्यावर त्यांनी तो सगळा क्रम मला बिनचूक सांगितलाही. सांगता येत होते, पण करता येत नव्हते. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी ‘मोका’ नावाची ३० गुणांची चाचणी घेतली, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढायला सांगितले. ज्यांचा उभा जन्म घड्याळाकडे बघण्यात गेला, त्यांनी एक काटा अकरावर आणि दुसरा दहावर ठेवला. ‘दहा’ हा शब्द कानांवर पडला आणि हात सरळ दहाच्या आकड्याकडे गेला. मिनिटांचे दहा म्हणजे दोनचा आकडा, हा मधला विचार घडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, ही चूक स्मरणाची नाही, ही नियोजनाची चूक आहे.

‘विस्मरण’ म्हटले की आपल्याकडे एकदम अल्झायमरचे नाव घेतले जाते, किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवला जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे येणारी बौद्धिक दुर्बलता हे तिसरेच प्रकरण आहे. डॉक्टर तिला ‘व्हीसीआय’ (व्हॅस्क्युलर कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) म्हणतात. मराठीत अजून सुटसुटीत शब्द रुळलेला नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी मेंदूच्या खोलातल्या केसासारख्या बारीक धमन्या जाड आणि कडक होतात, काही बंद पडतात, आणि मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंवर ठिकठिकाणी चट्टे पडतात. केंद्रे शाबूत असतात, रस्ते खचलेले असतात. म्हणून यात जुन्या आठवणी पुष्कळदा चांगल्या राहतात; विचारांची गती, लक्ष, कामाचा क्रम लावणे आणि आपणहून काही सुरू करणे, हे आधी ढासळते. घरच्यांना हा आळस वाटतो. मलाही वाटला होता, आणि मी त्यांना नको ते बोलले होते.

कॅनडातील न्यूरॉलॉजिस्ट व्लादिमिर हाचिन्स्की यांनी १९७४ मध्ये अनेक छोट्या आघातांतून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची संकल्पना मांडली, आणि पुढे १९९० च्या दशकात त्यांनीच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाची वाट न पाहता, त्याच्या अलीकडची सौम्य दुर्बलताही ‘व्हीसीआय’ या नावाखाली ओळखावी असा आग्रह धरला. कारण उघड आहे. अल्झायमरपेक्षा इथे हात घालायला जागा जास्त आहे, पण ती सुरुवातीलाच आहे. स्ट्रोकमधून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला अशी काही ना काही बौद्धिक अडचण उरते. तरीही आमच्या डिस्चार्ज कार्डावर हाताची ताकद पाचपैकी किती, हे लिहिलेले होते. बुद्धीचा रकानाच नव्हता.

या आजारावर खात्रीचे औषध नाही, असे कळल्यावर माणूस यंत्राकडे वळतो, तसे आम्हीही वळलो. आपल्या पुरवणीतल्यासारखीच एक जाहिरात वाचून आम्ही पुण्यातल्या एका खासगी केंद्रात गेलो. आठवड्याला ५ अशा २० बैठका, पैसे आगाऊ. एमआरआयच्या अहवालाची झेरॉक्स घेतली गेली, पण ‘मोका’ किंवा तत्सम कोणतीही चाचणी घेतली नाही, आणि यांना नेमके काय जमत नाही, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. कानांत बोळे घालून यांना खुर्चीत बसवत, डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर, इंग्रजी आठच्या आकाराची तारेची गुंडाळी टेकवत, आणि वीस मिनिटे टक-टक-टक असा आवाज चाले. समोर भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. तंत्रज्ञ मुलगा मोबाइलमध्ये. वीस मिनिटांनी, “उद्या याच वेळी या.” शेवटच्या दिवशी बुद्धीची चाचणी झाली नाही, केंद्राला पाचपैकी किती तारे द्याल, याचा अर्ज मात्र भरून घेतला. यांची उदासी त्या महिन्यात थोडी ओसरली, हे मी नाकारणार नाही. चहा मात्र होता तिथेच होता.

उदासी ओसरली यात आश्चर्य नाही, हे मला नंतर समजले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी न उघडता चुंबकीय क्षेत्राने मेंदूला चालना देऊन दाखवली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीला मान्यता दिली ती नैराश्यासाठी. गुंडाळीतून क्षणभर जोरदार वीज वाहते, तिचे चुंबकीय क्षेत्र कवटीतून वेदनेविना आत जाते, आणि मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते. आधी हाताचा अंगठा हलण्याइतकी ताकद प्रत्येक रुग्णात शोधायची असते आणि तीवरून मात्रा ठरवायची असते. दुसरी पद्धत त्याहून सौम्य आहे: मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजखालून १ ते २ मिलिअँपिअर इतकी वीज वीस-तीस मिनिटे सोडायची. इतक्या विजेने चेतापेशी स्वतःहून पेटत नाहीत. पेटायला थोड्या अधिक तयार होतात, एवढेच. या दोन्हींचा ‘शॉक’शी संबंध नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. इथे आकडी येणे हा दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणाम मानतात, आणि म्हणून ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, ज्यांच्या डोक्यात धातूची क्लिप किंवा श्रवणरोपण आहे, त्यांची आधी चौकशी व्हावी लागते. आमची झाली नव्हती.

‘थोड्या अधिक तयार होतात’ यातच सगळे सार आहे. तयार झालेल्या पेशींना त्या वेळी काही काम मिळाले, तर त्या कामाची वाट मळते. काम मिळाले नाही, तर तयारी तासाभरात विरून जाते. याचा सगळ्यात स्पष्ट दाखला बुद्धीच्या नव्हे, हाताच्या बाबतीतला आहे. स्ट्रोकनंतर कमजोर राहिलेल्या हातासाठी मानेतल्या व्हेगस नावाच्या चेतातंतूला चालना देणारे रोपण अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले. त्याच्या १०८ रुग्णांवरील चाचणीत रुग्ण हाताची हालचाल करत असतानाच थेरपिस्ट बटण दाबत असे. चालना आणि सराव यांची गाठ एका क्षणात मारली जात असे. ज्यांना लटकी चालना आणि खरा व्यायाम मिळाला, त्या गटातही सुमारे पाव हिस्सा रुग्ण लक्षणीय सुधारले. ज्यांना दोन्ही खरे मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. केवळ चालना आणि व्यायाम नाही, असा गट कोणी ठेवलाच नव्हता, कारण त्याची कल्पनाच कोणी केली नसावी. आमच्या केंद्राने मात्र नेमका तोच प्रयोग पैसे घेऊन केला.

बुद्धीच्या दुर्बलतेवरच्या चाचण्या अजून छोट्या आहेत. काहींत लक्ष, गती आणि नियोजन सुधारल्याचे दिसते, काहींत लटक्या चालनेपेक्षा फरक दिसत नाही. रुग्णांची निवड, चालनेची जागा आणि बैठकांची संख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी. त्यात एक अडचण या आजाराचीच आहे. मेंदूतला मेलेला भाग पाण्यासारख्या द्रवाने भरतो, त्या द्रवातून वीज चटकन वाहते, आणि मग एकाच जागी लावलेले स्पंज दोन रुग्णांत दोन वेगळ्या भागांना चालना देतात. तरीही या उपचाराला मी भोंदूपणा म्हणत नाही. तो आशादायक आहे, पण सरावाची जोड म्हणून, आणि मोजमाप ठेवून. ऑनलाइन विकत घेऊन घरच्या घरी डोक्याला पट्टे लावणाऱ्यांबद्दल मात्र काळजी वाटते.

केंद्राचे पैसे संपल्यावर आम्ही एका धर्मादाय रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे सरावाने पुन्हा शिकवणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे गेलो. मुलगी तिशीच्या आतली. तिने यांना पहिल्या दिवशी काहीच शिकवले नाही; मला बाजूला बसवून यांचा दिवस सकाळी उठल्यापासून विचारला आणि म्हणाली, “काकू, आपण चहापासूनच सुरुवात करू. त्यांना तेच हवंय.” मग तिने ताटात तांदूळ, मूग आणि तूरडाळ एकत्र करून यांच्यापुढे ठेवले. आधी नुसते वेगळे करायचे, घड्याळ लावून. मग चुका मोजायच्या. मग रेडिओ चालू ठेवून तेच. मला वाटले, ही आम्हाला बायकांचे काम देऊन वेळ काढते आहे. पुढे कळले की बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचे लक्ष सुधारण्यासाठी धान्य निवडण्याचा सराव कित्येक वर्षांपूर्वीच पद्धतशीरपणे वापरला गेला आहे. आपल्या घरात जे हाताशी आहे त्यातून उपचार घडवणे, हे कोणत्याही यंत्राइतकेच शास्त्र आहे.

चहासाठी तिने प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारून करायला लावली. ती जमल्यावर पुटपुटत, आणि नंतर मनात. यांनी तिसऱ्याच दिवशी आपली जुनी नोकरी त्यात आणली. “पाणी फलाट क्रमांक एकवर लागत आहे,” असे स्थानकावरच्या निवेदनाच्या सुरात म्हणत ते पातेले ठेवू लागले. पाणी, साखर, चहा, आले, दूध, सगळ्यांना फलाट मिळाले. अडीच महिन्यांनी त्यांनी मला न सांगता दोन कप चहा केला. साखर जास्त होती. हे तांदळामुळेच झाले असा दावा मी करणार नाही, कारण त्याच काळात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बदलल्या होत्या. त्या मुलीला मी यंत्राविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडे असतं तर मी ते काका तांदूळ निवडत असताना लावलं असतं, टीव्ही बघताना नाही.”

तिच्या त्या तासाचे पैसे विमा कंपनीने दिले नाहीत. मेडिक्लेमचा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा आहे. आठवड्यातून दोनदा येऊन घेतलेला सराव त्यात सहसा बसत नाही. दाखल व्हा म्हणजे पैसे मिळतील, आणि घरी जाऊन सुधारा म्हणजे मिळणार नाहीत, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही. यात आपल्या राज्याला तर विशेष ओशाळवाणे वाटावे असे आहे. देशातले व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, तेही कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने. आमच्या जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची नावाजलेली शाळा आहे. ज्या बाईंनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे शास्त्र इथे आणले, त्यांच्याच नावाच्या शाळेच्या जिल्ह्यातून आम्हाला त्या सरावासाठी दर आठवड्याला पुण्याची गाडी धरावी लागली.

भाषेचाही प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी तयार केलेला चाचण्यांचा संच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्यात मराठी नव्हती. ‘मोका’चे मराठी रूप आहे, पण त्यात बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात; चौथीत शाळा सोडलेल्या शेतकरी बाईला त्या एका गुणाने किती न्याय मिळतो, हे ज्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले आहेत त्यांना विचारावे. देशात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२२ पासून ‘निम्हान्स’च्या साहाय्याने जिल्हा पातळीवर मेंदू-आरोग्य उपक्रम सुरू केला. तसे इथे करायला नवे यंत्र लागत नाही. जिल्हा रुग्णालयात एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि स्ट्रोकच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर बुद्धीच्या चाचणीचा एक रकाना, एवढ्याने सुरुवात होते.

रक्तदाबाविषयीही लिहिले पाहिजे, कारण तो विषय कोणत्याही जाहिरातीत येत नाही. ९,३६१ लोकांवर झालेल्या अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीचे बुद्धीविषयक निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट ज्यांना दिले, त्यांच्यात सौम्य बौद्धिक दुर्बलतेचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळले. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र फरक निर्णायक ठरला नाही. शिवाय या चाचणीत मधुमेही आणि आधी स्ट्रोक येऊन गेलेले रुग्ण घेतले नव्हते, तेव्हा हे वाचून कोणी आपल्या गोळ्या आपणच वाढवू नयेत. तरीही महिन्याला काही रुपयांच्या गोळीने मिळणारा हा लाभ, हजारो रुपयांच्या वीस बैठकांपुढे बातमी ठरत नाही, याचे वाईट वाटते.

आपणांकडे माझी मागणी छोटी आहे. असा मजकूर छापायचाच असेल, तर ‘जाहिरात’ हा शब्द शीर्षकाच्या वर आणि शीर्षकाच्याच आकारात छापावा. आणि पुढल्या वेळी अशा केंद्राचा प्रतिनिधी आपल्या कचेरीत येईल, तेव्हा त्याला एवढे विचारून घ्यावे: पहिल्या बैठकीआधी आणि शेवटच्या बैठकीनंतर रुग्णाची कोणती चाचणी घेता, ती मराठीत घेता का, डोक्यातली क्लिप आणि पूर्वीची आकडी यांची चौकशी कोण करते, आणि यंत्र चालू असताना रुग्णाच्या हातात काय असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा